काय मिळणार नाही, ते सांगा

बिल्किस आपाच्या आणि माझ्या टेबलांच्या मध्ये एक लिंबाचं झाड आहे, एवढंच अंतर. आरटीओच्या भिंतीला लागून मी लायसनचे, नावबदलीचे अर्ज भरून देतो आणि ती गाड्यांचा विमा उतरवते. अकरा वर्षं झाली याला. त्यातली पहिली दोन-तीन वर्षं मी तिला वेडी समजत होतो, हे आधीच सांगून टाकतो. नंतर दुसऱ्या कुणी माझी चहाडी करायला नको.

वेडी म्हणायचं कारण असं की, ती गिऱ्हाइकांची तोंडी परीक्षा घ्यायची. अजूनही घेते. पैसे हातात घेण्याआधी ती कागद समोर ठेवते, एकेक गोष्ट समजावून सांगते, मग कागद उलटा करते आणि म्हणते, "आता तुम्ही सांगा. या विम्यात काय मिळणार नाही?" निदान तीन गोष्टी सांगितल्याशिवाय पावती फाडत नाही. तेही आपल्या शब्दांत. घोकलेलं चालत नाही.

एकदा शेंद्र्याचे सर्जेराव आले. नवी कोरी गाडी, बॉनेटवर पूजेचं कुंकू अजून ओलं. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "फुल विमा करा."

"फुल म्हणजे काय हो, दादा?"

"फुल म्हंजे फुल! सगळं आलं त्याच्यात."

"सगळं नाही येत. काय येत नाही, ते सांगते. मग तुम्ही मला सांगा."

सर्जेराव तिच्याकडं पाहत राहिले. गावात चार माणसं ज्यांना वाकून रामराम घालतात, त्यांना ही बाई शाळेतल्या पोरासारखं उभं करत होती. "म्या काय परीक्षेला आलोय का इथं?" असं म्हणून ते उठले आणि समोरच्या दुकानात गेले. तिथं पाच मिनिटांत कागद मिळतो, वर थंड पाणीही मिळतं. मी आपाला म्हणालो, "गेलं ना हातचं? चांगलं जाडजूड गिऱ्हाईक होतं."

"गिऱ्हाईक गेलं तरी मला झोप लागते, मोतीरामभाऊ," ती म्हणाली. "न सांगता कागद दिला तर लागत नाही."

तिची झोप का उडाली होती, ते मला नंतर कळलं. पूर्वी ती घरी लहान मुलांच्या शिकवण्या घ्यायची. नवरा गयासभाई, त्यांची छोटी मालवाहू गाडी होती. अजिंठ्याच्या रस्त्यावर एका संध्याकाळी ती गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आदळली आणि गयासभाईंचा पाय गुडघ्याखाली चेचला गेला. गाडीचा विमा दर वर्षी त्यांचा एक दोस्त करून द्यायचा. तो निघाला नुसता थर्ड पार्टी. म्हणजे समोरच्याचं नुकसान कंपनी भरून देणार, आपल्या गाडीचं काहीच नाही. ट्रॅक्टरवाल्याला भरपाई मिळाली, गयासभाईंची गाडी भंगारात गेली. चार वर्षं तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीत जपून ठेवला होता. उघडून कुणीच पाहिला नव्हता. दोस्तानं केलाय म्हटल्यावर उघडायचा कशाला? आपल्याकडं असंच चालतं. अनोळखी माणसाकडून घेतलेली मेथीची जुडीसुद्धा आपण सोडून पाहतो, पण ओळखीच्या माणसानं दिलेला कागद पाहणं म्हणजे त्याचा अपमान वाटतो. मीसुद्धा त्यातलाच. बिल्किसनं मात्र शिकवण्या सोडून विम्याचंच काम धरलं, ते त्यानंतर.

त्या संध्याकाळी गयासभाईंना उचलून दवाखान्यात नेणारा माणूस म्हणजे सांडू. राहणारा वेरूळचा. पिवळ्या पाटीची एक गाडी, तिच्यावर पर्यटकांना वेरूळ-अजिंठा फिरवून घर चालवायचं, असा त्याचा धंदा. मागच्या सीटचं कव्हर रक्तानं भरलं, ते त्यानं स्वतः धुतलं आणि भाड्याचा एक पैसा घेतला नाही. तेव्हापासून बिल्किस त्याला भाऊ म्हणते आणि तो तिला आपा, म्हणजे ताई. वयानं तोच मोठा आहे, पण आपा म्हणायला वय कोण बघतं? गयासभाई आता टायर पंक्चरचं दुकान चालवतात, आणि सांडूच्या गाडीचं पंक्चर फुकट काढायचं, हा त्या दुकानाचा पहिला नियम.

आता खरी गोष्ट. गेल्या वर्षीच्या जुलैत सांडू विम्याच्या नूतनीकरणाला आला. गाडी रस्त्यावर चालू ठेवलेली, आत एसीत चार पाहुणे बसलेले, वेरूळला जायची त्यांना घाई. तो टेबलापाशी उभ्याउभ्याच म्हणाला, "आपा, यंदा जरा कमी बसवा. पोरीचं कॉलेज सुरू झालंय. संस्कृतीला पुण्यात ॲडमिशन मिळालीय."

"भाऊ, दोन मिनिटं बसा. यात काय ठेवायचं, काय काढायचं, ते सांगते."

"तुम्हीच बघा की. तुमच्यावर भरोसा हाय ना?" असं म्हणून तो गेलासुद्धा.

बिल्किसनं यादी पाहिली. अपघातात प्लॅस्टिकचे, रबराचे भाग बदलले तर झिजेपोटी कंपनी जी कात्री लावते, ती न लावण्याचं कलम तिनं ठेवलं. घाटात गाडी घासते, ते लागेल. पाण्यानं इंजिन बिघडलं तर त्याचं वेगळं संरक्षण असतं, ते तिनं काढलं. वेरूळच्या डोंगरात कसलं आलंय पाणी, असा हिशेब तिनं मला ऐकू येईल असा तोंडानंच केला. मी पलीकडून म्हणालो, "का हो आपा, आज परीक्षा रद्द?" ती हसली, पण पेन हातात घेऊन बराच वेळ नुसती बसून राहिली. तेव्हाच मी गप्प बसायला नको होतं.

सप्टेंबरात एका दुपारी पाऊस असा कोसळला की आम्ही दोघंही सामान उचलून झेरॉक्सच्या टपरीत शिरलो. साडेतीनच्या सुमाराला तिचा फोन वाजला. पावसाच्या आवाजात ऐकू येईना म्हणून तिनं स्पीकर लावला.

"आपा, मी सांडू. गाडी पाण्यात बंद पडली."

"कुठं?"

"रेल्वेपट्टीखालच्या भुयारी रस्त्यात. पुढची गाडी निघाली म्हणून मी घातली, तर मधीच बंद."

"गाडीत कोण आहे?"

"माय हाय मागं. डोळ्याच्या दवाखान्यात चाललो व्हतो."

"पाणी कुठवर आलंय?"

"चाकं बुडालीत. आता आत यायलंय, पायापाशी."

"सेल मारला का?" सेल मारणं म्हणजे चावी फिरवून गाडी चालू करायला बघणं.

"अजून नाय. मागचे लोक बोंबलायलेत, सेल मार, सेल मार म्हणून. एकदा मारून बघतो, निघाली तर निघाली."

"मारू नका!" ती इतकी ओरडली की टपरीवाल्याच्या हातातला कागद खाली पडला. "भाऊ, चावीला हात लावू नका!"

हे ती प्रत्येकाला सांगते, म्हणून मलाही पाठ झालं आहे. इंजिनात पाणी शिरलेलं असताना सेल मारला तर आतला दांडा वाकतो आणि अख्खं इंजिन जातं. आणि मग कंपनी म्हणते, पाणी आभाळातून आलं हे मान्य, पण चावी तुम्ही फिरवली. त्यासाठीच ते वेगळं संरक्षण असतं. सांडूच्या कागदावर ते नव्हतं. या जगात हे दोनच माणसांना माहीत होतं, आणि ती दोघं त्या टपरीत उभी होती.

फोनमधून हॉर्न ऐकू येत होते. कुणीतरी काचेवर थापा मारत होतं. सांडू म्हणाला, "आपा, विमा फुल हाय ना? सेल मारला अन् काय झालंच तर कंपनी देईल ना?"

मी बिल्किसकडं पाहिलं.  नुसतं "आहे, पण मारू नका" म्हणाली असती तरी त्या घडीला निभावलं असतं, असं मला वाटलं. मी असतो तर तेच म्हणालो असतो. खोटं कशाला बोलू?

"नाही, भाऊ," ती म्हणाली. "इंजिन त्यात नाही. जुलैत मीच ते कलम काढलं. तुम्हाला सांगितलं नाही, चूक माझी आहे. काय बोलायचं ते नंतर बोला. आधी मावशींना उतरवा, मग तुम्ही उतरा. गाडी तशीच राहू द्या. क्रेन लावून काढू."

पलीकडं हॉर्न वाजतच होते.

"तुम्ही काढलं?" सांडू म्हणाला, आणि फोन कटला.

तिनं परत लावला. बंद. सात वेळा लावला, सातही वेळा बंद. आठव्यांदा मी माझ्या फोनवरून लावला, तरी बंदच. संतापलेला माणूस हातातल्या चावीचं काय करतो, हे काय सांगायला पाहिजे? ज्या बाईवर डोळे मिटून भरोसा टाकला, तिनंच फसवलं असं वाटल्यावर तिचं ऐकणार कोण? मला त्या क्षणी तिचाच राग आला. सगळ्या जगाची परीक्षा घेते आणि घरच्या माणसाला सोडून देते! मी तसं बोललोही. ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. आता स्कूटर काढा."

नेहमी दहा मिनिटांत होणारा रस्ता, त्याला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. उस्मानपुऱ्याच्या चौकात पाणी स्कूटरच्या पाय ठेवायच्या फळीवर आलं तेव्हा माझीच स्कूटर बंद पडते की काय, असं वाटलं. मागं बसलेली बिल्किस काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, दुवा मागत असेल. सिग्नलला नीट ऐकलं तर म्हणत होती, "दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं बसवायचं होतं."

भुयारी रस्त्याच्या तोंडाशी गर्दी. सांडूची गाडी पाण्यात, निम्मे दरवाजे बुडालेले. सांडू कंबरभर पाण्यात गाडीला हात लावून उभा होता आणि तीन-चार जणांबरोबर मागं ढकलत होता. त्यानं आम्हाला पाहिलं आणि मान फिरवली. सेल मारला की नाही, हे त्याच्या तोंडावरून काही कळेना. विचारायची हिंमत आम्हा दोघांचीही होईना.

कडेच्या दुकानाच्या पायरीवर त्याची आई बसली होती, मनकर्णाबाई. सत्तरीची बाई, लुगडं चिंब, थंडीनं दात वाजत होते. बिल्किसनं आपली ओढणी तिच्या खांद्यावर टाकली आणि खाली बसून विचारलं, "मावशी, चावी फिरवली का हो भाऊंनी?"

म्हातारीनं तिच्याकडं नीट पाहायचा प्रयत्न केला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तिला काय दिसणार? मग तिनं उजवी मूठ उघडली. मुठीत गाडीची चावी होती.

"तू फोनात वरडलीस, म्या मागं ऐकलं," ती म्हणाली. "त्यो तुझ्यावर लई तापला. हात चावीवरच व्हता त्याचा. म्हटलं, ह्यो काय ऐकत नाय. मागून हात घातला अन् घेतली काढून. आता शिव्या देतोय तर देऊ दे."

बिल्किस तिथंच पायरीवर बसली आणि रडायला लागली. म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, चावीसकट.

पण एवढ्यानं निभावलं असं नव्हतं. गाडी बंद पडतानाच जोरात पाणी ओढलं गेलं असेल तर चावी न फिरवताही दांडा वाकलेला असू शकतो, असं क्रेनवाला म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं, पण असली माणसं न विचारताच सांगतात. कंपनीला कळवणं, फोटो पाठवणं, क्रेनची पावती घेणं, हे सगळं बिल्किसनं तिथंच, त्या पायरीवर बसून केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अफजल मिस्त्रीच्या गॅरेजवर जमलो. मी कशाला गेलो, विचारू नका. टेबलावर बसवेना. कंपनीचा सर्व्हेअर आला, पोरसवदा, चष्मा, हातात टॅब. त्यानं पहिला प्रश्न तोच विचारला, "पाण्यात सेल मारला होता?"

"नाय," सांडू म्हणाला.

"सगळे नाहीच म्हणतात," सर्व्हेअर म्हणाला. "इंजिन सांगेल काय ते."

तेवढ्यात सांडू बिल्किसकडं वळला. रात्रभर झोपला नसावा, डोळे लाल होते. "मॅडम, फोटो अजून कुणाला पाठवायचे का?"

मॅडम! मी ऐकलं. बिल्किसनंही ऐकलं.  ती हळूच म्हणाली, "नाही, भाऊ. सगळे पाठवलेत."

"मग एक सांगतो," सांडू म्हणाला. आवाज चढला नव्हता, आणि त्याचंच जास्त वाईट वाटत होतं. "तुम्ही मला विचारलं असतं तर मी बी तेच म्हटलं असतं. काढून टाका म्हटलं असतं. पैसे वाचत व्हते. पण मला म्हाईत तरी असतं ना? मायनं चावी घेतली नसती तर मी सेल मारलाच व्हता. फुल हाय म्हणूनच मारला असता."

बिल्किसनं अफजलला काम सुरू करायची खूण केली. 

अफजलनं इंजिनाचे प्लग काढले. भोकांतून पाणी दिसत होतं. मग तो गाडीखाली पडला, इंजिनाच्या चाकाच्या बोल्टाला लांब पाना लावला आणि हातानं फिरवायला लागला. दांडा वाकला असेल तर मध्येच कुठंतरी अडकणार. पूर्ण दोन फेरे न अडकता फिरलं तरच इंजिन शाबूत. पाव फेरा झाला. प्लगच्या भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली आणि सर्व्हेअरच्या पँटवर पडली. कुणी हसलं नाही. अर्धा फेरा झाला आणि पाना थांबला.

"अटका क्या?" सर्व्हेअरनं विचारलं.

"रुको," खालून अफजल म्हणाला.

सांडू भिंतीला टेकला. दिवाळीपासूनची बुकिंगं, पोरीचं कॉलेज, म्हातारीचे डोळे, सगळं त्या एका बोल्टावर थांबलं होतं. बिल्किसनं डोळे गच्च मिटून घेतले.

"पाना भिडला होता चॅसीला," अफजल म्हणाला. त्यानं पाना काढून पुन्हा लावला. पाऊण फेरा. एक. दीड. दोन. मग खात्री म्हणून तिसरा फेराही मारला. बाहेर येऊन त्यानं हात पुसले आणि म्हणाला, "इंजिन सलामत है. तेल बदलूया, बाकी साफसफाई."

मी सांडूला मिठी मारली. वायरिंग, सीटा, खालचा गालिचा, एक-दोन सेन्सर, हे सगळं विम्यात बसलं, थोडंफार सांडूच्या अंगावर आलं. तीन आठवड्यांत गाडी रस्त्यावर आली. सांडूनं गॅरेजातून गाडी काढली, सर्व्हेअरचे आभार मानले, अफजलचे मानले, माझा हात हातात घेतला. बिल्किसला म्हणाला, "निघतो मॅडम."

त्यानंतर दहा महिने तो आमच्या टेबलांकडं फिरकला नाही. समोरून गाडी जायची, पिवळी पाटी मी ओळखायचो, बिल्किसही ओळखायची. गयासभाईंच्या दुकानात पंक्चर काढायलाही आला नाही, असं कळलं. गाडी वाचली होती, पण माणूस गेला होता. तिची परीक्षा आणखी कडक झाली. माझ्या स्कूटरच्या विम्याला मी, तिचा अकरा वर्षांचा शेजारी, मलाही तिनं खुर्चीत बसवून विचारलं. मी निमूट उत्तरं दिली.

यंदाच्या जुलैत सांडूच्या विम्याची मुदत संपत आली. दर वर्षी ती आठवडाभर आधी गिऱ्हाइकाला फोन करते. सांडूचा नंबर काढून ठेवायची आणि फोन खाली ठेवायची. शेवटचा दिवस उजाडला. दुपारी समोरच्या दुकानापाशी पिवळ्या पाटीची गाडी थांबली. बिल्किसनं पाहिलं आणि मान खाली घालून पावत्या चाळायला लागली. 

गाडीचं मागचं दार उघडलं. मनकर्णाबाई उतरली, डोळ्याला नवा चष्मा. तिनं समोरच्या दुकानाची पाटी निरखून पाहिली, मग झाडाकडं पाहिलं आणि रस्ता ओलांडून सरळ बिल्किसच्या खुर्चीत येऊन बसली. मागोमाग सांडू आला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

"ह्याला नको सांगू," म्हातारी म्हणाली. "मला सांग. गाडीत मी बसते."

बिल्किसनं कागद समोर ठेवला. एकेक गोष्ट सांगितली, कुठंही घाई केली नाही. मग कागद उलटा केला आणि अडखळत विचारलं, "मावशी, आता सांगा. काय मिळणार नाही?"

मनकर्णाबाईनं बोटं मोजली. "दारू पिऊन चालवली तर नाय. लायसन नसलेल्यानं चालवली तर नाय. अपघात नसताना नुसतं टायर फुटलं तर नाय."

"आणि पाण्यात बंद पडली तर?"

"ते औंदा हाय. तूच तर आत्ता सांगितलंस, घातलंय म्हणून." म्हातारीनं मागं वळून पोराकडं पाहिलं. "पण चावी म्या काढणारच."

सांडूला हसू आवरलं नाही. त्यानं पेन घेतलं, सही केली, पैसे ठेवले आणि आईला हाताला धरून उठवलं.

"येतो, आपा," तो म्हणाला.